मुखपृष्ठावरची सावली

३ जानेवारी

चि. उंदरास,
अनेक आशीर्वाद.

चित्र या पत्राबरोबरच पाठवते आहे. फोन करणार होते, पण फोनवर तू नुसतं "हो हो" करतोस आणि दुसऱ्याच कोणाशी तरी बोलत असतोस. पत्र निदान एका जागी बसून वाचशील. लहानपणी माझ्या ब्रशांच्या दांड्या कुरतडत घरभर फिरायचास, तेव्हापासून तुला एका जागी बसवणं म्हणजे दिव्यच आहे.

तुमच्या मासिकाची कथा वाचली. चंद्राच्या पाठमोऱ्या बाजूवर दोन दुरुस्तीवाले. एक खड्ड्यात घसरून कड्याच्या सावलीत बसलाय, दुसरा हाताच्या अंतरावर उन्हात उभा राहून त्याला शोधतोय, आणि त्याला तो दिसत नाही. कथा बरी आहे, शेवट जरा ओढलाय. पण ही एक जागा वाचताना माझा चहा गार झाला.

आता नीट ऐक. आपल्याकडे सावलीत बसूनही पेपर वाचता येतो, कारण आकाश उजेड देतं, भिंती देतात, समोरच्याचा पांढरा सदराही देतो. चंद्रावर हवा नाही, आकाश काळं. सूर्य एक. त्याचा उजेड पोचतो तिथे डोळे दिपतात, पोचत नाही तिथे काही दिसत नाही. हल्लीची चित्रकार मंडळी यानाच्या मागून निळा उजेड सोडतात, बाजूने नारिंगी सोडतात. विचारावं, बाबांनो, हा दुसरा सूर्य कोणाच्या घरून आणलात? फोटो स्टुडिओत नवरा-नवरीला बसवतात तसं त्या बिचाऱ्या अंतराळवीराला बसवून ठेवतात.

म्हणून माझ्या चित्राचा खालचा डावा कोपरा काळाकुट्ट आहे. बसलेल्या माणसाचा फक्त एक हातमोजा उन्हात आलाय. तो कोपरा काळा आहे तसा छापायचा. तू आता तिथे चित्रं बघणारा माणूस आहेस, तेव्हा ही जबाबदारी तुझी.

तुझ्या बाबाचं बोलणं आता पुष्कळ कळतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर तोंडाची उजवी बाजू उतरली ती उतरलीच, ती काही वर यायची नाही असं डॉक्टर म्हणतात. बाहेर पडत नाही. कोणी आलं की आतल्या खोलीत जातो. सोमवारी मी जाते तेवढा माझ्यासमोर बसतो. तुझी चौकशी करतो. जमलं तर येऊन जा.

आत्या

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

चित्र पोचलं. वेष्टन सोडलं तेव्हा आमच्या मजल्यावरची सगळी माणसं टेबलाभोवती गोळा झाली. उभ्या माणसाच्या बुटांखालची धूळ तू अशी काढली आहेस की एकाने हात लावून बघितलं. त्याला मी झापलं.

आता अडचण सांगतो, चिडू नकोस. साहेबांना चित्र आवडलं, पण तो कोपरा बघून ते म्हणाले, "इथे शाई सांडलीय असं वाटेल." वाचक चित्राकडे दोन क्षण बघतो, त्यात त्याला दुसरा माणूस दिसलाच नाही तर कथेचा उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं. मी तुझी बाजू मांडली. मग मला एक सुचलं. चंद्राच्या आकाशात पृथ्वी असते ना? तिचा निळसर उजेड सावलीत पडतोच. शिवाय समोरच्या जमिनीवरून ऊन उलटून येतं. म्हणजे सावली थोडी उघडली तरी ते शास्त्राला धरूनच होईल. काळ्या रंगाचा एखादा हात पुसट करून पाठवशील का?

या महिन्यात यायचं ठरवलं होतं, पण अंकाचं काम अंगावर आलं. बाबांना सांग, पुढच्या महिन्यात नक्की.

तुझा उंदीर

१७ जानेवारी

चि. उंदरास,
आशीर्वाद.

कथा वाचलीस की नुसतीच चाळलीस? ही मंडळी चंद्राच्या पाठमोऱ्या बाजूला आहेत. तिथून पृथ्वी कधीच दिसत नाही. दिसली असती तर मी तुझ्या आधी तिचा उजेड वापरला असता, मी काही काळ्या रंगाची एजंट नाही. आणि ऊन उलटून यायचं तर समोरची जमीन उन्हात हवी. तो बसलाय खड्ड्यात, त्याच्या समोरची जमीनही सावलीतच आहे, आणि उभ्या माणसाची उन्हातली बाजू पलीकडे आहे. मी मातीचा खड्डा करून, दिवा ठेवून, स्वतः वाकून बघितलंय. गुडघे अजून दुखतायत.

माझी खोड तुला ठाऊक आहे. सावलीत जे असेल ते मी आधी पूर्ण काढते, आणि मग त्यावर काळ्याचे पातळ पातळ हात देते. तू विचारायचास, "झाकायचंच तर काढतेस कशाला?" माणूस तिथे असला पाहिजे म्हणून काढते. नुसता काळा फासला तर तिथे कोणी नसतं, आणि बघणाऱ्याला ते कळतं, कसं कळतं ते मला सांगता येत नाही. या वेळी तर मी फार मनापासून काढलंय. तो तिथे आहे. दिसायचा मात्र नाही.

साहेबांना पटत नसेल तर चित्र परत पाठव. मला राग येणार नाही. काहीतरी रंगीबेरंगी करून देणारे पुष्कळ आहेत. पण त्या कोपऱ्याला हात लावायचा नाही, एवढं मला लिहून कळव.

आत्या

२ मार्च

प्रिय आत्या,

उत्तराला फार उशीर झाला, कामात डोकं वर काढायला फुरसत नव्हती. पण बातमी अशी आहे की तू सगळं माफ करशील. तुझं चित्र आतल्या पानावर नाही, थेट मुखपृष्ठावर आलंय. अंक सोबत पाठवतोय.

एक सांगायचं राहिलं. प्रेसमध्ये तो काळा भाग थोडा उजळला गेला. हल्ली त्यांची मशीनं स्वतःच काय काय ठरवतात. मलाही छापून आल्यावरच दिसलं. पण आत्या, खरं सांगू, जे झालं ते बरंच झालं. हेल्मेटच्या काचेमागचा तो चेहरा बघून लोक वेडे झालेत. एका वाचकाने कळवलं की त्याने अंक भिंतीवर लावलाय. कोण आहे तो म्हातारा? कुठे सापडला तुला? तोंड असं एका बाजूने कोसळलेलं आणि दुसऱ्या बाजूने अजून वाट बघत असलेलं, असं तोंड मनाने काढता येत नाही असं साहेब म्हणाले. त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

एक अंक बाबांनाही पाठवलाय. बहिणीचं चित्र मुखपृष्ठावर बघून त्यांना बरं वाटेल.

तुझा उंदीर

११ मार्च

चि. भाच्यास,
आशीर्वाद.

मशीन उजळतं तर सगळ्या सावल्या उजळतं. उभ्या माणसाची सावली, दगडांच्या सावल्या, यानाच्या पायांखालचा काळा, सगळं माझ्या हातचं होतं तसंच आहे. फक्त एक कोपरा कोणीतरी सावकाश, कड सांभाळून उघडलाय. इतक्या सफाईने ती कड सांभाळणारा माणूस मीच शिकवून तयार केलाय.

दोन सोमवार मी तुझ्या बाबाकडे गेले. दोन्ही वेळा तुझ्या आईने दारातूनच सांगितलं की ते झोपलेत. ती माझ्याकडे बघत नव्हती. आत पावलं वाजत होती.

तो म्हातारा कोण म्हणून विचारतोस. अंक समोर घे आणि नीट बघ.

आत्या

१५ मार्च

प्रिय आत्या,

बघितलं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ऑफिसात होतो. अंक तिथे भिंतीवरच लावलाय, येता-जाता सगळे बघतात, मीही बघत होतो. मी पुढे जाऊन उतरलेली बाजू हाताने झाकली. उरलेल्या अर्ध्या तोंडावरची ती भुवई दिसली, मी शाळेचं प्रगतिपुस्तक पुढे केलं की वर जायची ती. मग हात काढला. शेजारचा विचारत होता, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, छपाई तपासतोय.

मशीनने काही केलं नाही. मीच केलं. आणि साहेबांच्या दडपणाखाली केलं असंही नाही. तुझं दुसरं पत्र मी त्यांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, "बाईंचा हट्ट आहे तर राहू दे, आतल्या पानावर तसंच छापू." विषय तिथे संपला होता. पण मला मुखपृष्ठ हवं होतं. मी तिथे गेल्यापासून एकही मुखपृष्ठ माझ्या निवडीचं नव्हतं. तू खाली सगळं काढलेलं असतं हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. चित्र कॉम्प्युटरवर घेतलं आणि तो कोपरा उजळवत गेलो. चेहरा वर आला तेव्हा मला वाईट वाटलं नाही, आत्या. मी खूश झालो. दुपारभर बसून कड नीट केली.

मी बाबांना ओळखलं नाही. हे लिहितानाही मान वर होत नाही. ते दवाखान्यातून घरी आल्यावर मी भेटायला आलो होतो, आठवतं? ते खिडकीकडे पाठ करून बसले होते. टीव्ही लावलेला होता, आवाज बंद. सगळा वेळ मी टीव्हीकडे बघून बोललो. ते काय म्हणतात ते कळलं नाही की आईकडे बघायचो. मला वाटलं, त्यांना अवघडायला नको म्हणून मी असं करतोय. आज वाटतं, मला स्वतःलाच बघायचं नव्हतं. त्यानंतर दर महिन्याला काहीतरी काम निघालं.

आता काय करू? पुढच्या अंकात माफी छापू का?

तुझा भाचा

२१ मार्च

चि. भाच्यास,
आशीर्वाद.

माफी छापलीस तर ज्यांचं लक्ष गेलं नाही तेही अंक शोधून काढतील. काही छापू नकोस.

चित्र कसं झालं ते सांगते. ती कथा मी तुझ्या बाबाला वाचून दाखवत होते. सावलीत बसलेल्याची जागा आली तेव्हा तो म्हणाला, "मला बसव तिथे." मला आधी वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, आणि म्हणाला, "पण उजेड पाडू नको." झटका आल्यापासून त्याने आरशात बघितलेलं नाही, घरातला आरसा तुझ्या आईने काढून ठेवलाय. तो माणूस माझ्यासमोर तोंड वर करून बसला. कित्येक सोमवार बसला. काढून झालं की मी दाखवायची, तो मान हलवायचा, मग त्याच्यासमोर मी काळ्याचे हात द्यायची. शेवटचा हात दिल्यावर म्हणाला, "आता मी आहे." मी त्याला शब्द दिला होता की हे कोणालाही दिसणार नाही.

तुझ्यावर मी चिडलेय, आणि पुष्कळ दिवस चिडलेली राहणार आहे. चंद्रावरच्या माणसाला तो दिसत नाही, कारण तिथे खरंच उजेड नाही. तुझ्या बाबाच्या खोलीत समोर पांढरी भिंत आहे, खिडकीचा सगळा उजेड तिच्यावरून त्याच्या तोंडावर येतो. पाठ फिरवून बसला तरी तिथे काही लपत नाही. तुला न दिसायला कारणच नव्हतं.

पण मीही काही सोवळी नाही. अंक हातात आला तेव्हा घाबरण्याच्या आधी मला काय वाटलं माहीत आहे? वाटलं, किती सुंदर उतरलाय. क्षणभर मला आनंद झाला की लोकांना तो दिसला. भाऊ दार उघडत नाही यापेक्षा हे मला जास्त खातं आहे.

त्याला वाटत असणार की मीच शब्द मोडला. वाटू दे. तू केलंस हे मी सांगणार नाही, तू सांगावंस की नाही ते तुझं तू ठरव. एक मात्र त्याला कधी कळता कामा नये, की तू त्याला ओळखलं नाहीस. ते त्याला झेपणार नाही.

आत्या

२५ मार्च

ती. बाबांना,
सा. न.

मुखपृष्ठावर तुमचा चेहरा आला तो माझ्यामुळे. आत्याचा यात काहीही दोष नाही. तिने तो पूर्ण झाकला होता, आणि हात लावू नकोस म्हणून मला दोनदा बजावलं होतं. मी तिला फसवून तो भाग उजळवला, आणि वर प्रेसचं नाव पुढे केलं.

तुम्ही विचाराल, का? मी तुम्हाला बघताक्षणी ओळखलं, बाबा. ओळखलं, आणि तरीही छापलं. मला त्या चित्राचा मोह झाला. लोकांकडून शाबासकी हवी होती. वडिलांचा चेहरा आपल्या फायद्यासाठी वापरणारा मुलगा तुमच्या पोटी आला याची मला शरम वाटते. तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल तर ते मी समजू शकतो.

फक्त आत्याला दार उघडा. ती दर सोमवारी येऊन परत जाते. तिच्या वयाला तुमचे जिने झेपत नाहीत.

तुमचा मुलगा

९ एप्रिल

चि. बाळास,
आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर लावून घे. रोज थोडं थोडं लिहिलं, म्हणून उशीर.

तू मला ओळखलं नाहीस. अंकाबरोबर तुझी चिठ्ठी होती. "बाबा, बघा आत्याने कसला म्हातारा शोधून काढलाय." ती तू विसरलास. मी विसरलो नाही.

तुझ्या आत्याने शब्द मोडला असं मला एकदाही वाटलं नाही. ती चित्र जाळेल, पण तसं करणार नाही. दार लावलं ते रागाने नाही. पहिल्या सोमवारी चिठ्ठी टेबलावर होती. ती आत आली असती, तिने वाचली असती. पोटच्या पोराने बापाला ओळखलं नाही, हे तिला कळायला नको होतं. मग चिठ्ठी फाडली. पण माझ्या तोंडावरून तिला सगळं कळतं, तुला माहीत नाही. म्हणून पुढचे सोमवारही दार लावून घेतलं. तुझ्या आईला वाटतं, मी बहिणीवर रागावलोय. वाटू दिलं.

या सोमवारी उघडलं. ती रडली. मग माझ्याशी भांडली. तूच केलंस एवढं तिला सांगून टाकलं, ती म्हणाली, माहीत आहे. चिठ्ठीचं मी बोललो नाही. तीही काहीतरी लपवत होती. आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं ते खोट्याचं. मी दुखावू नये म्हणून स्वतःला नीच ठरवलंस. तसा तू नाहीस. तू नुसता घाबरट आहेस. मीही आहे.

ये. दिवसा ये. मी तुझ्यासमोर बसेन. तुला लागेल तेवढा वेळ बघ. रडू आलं तर रड, उठून गेलास तरी चालेल, पण परत येऊन बस.

स्वतःच्या तोंडाची लाज वाटणं मला जमलं होतं. तुझी वाटणं जमत नाही. म्हणून ये.

बाबा